खाडीची ओटी

समुद्राला अजून कुणी मालक नव्हता आणि राजेलोक आपल्या मुलखात स्वतः हिंडत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. ऐकणाऱ्यांत लहान असतील त्यांनी पुढे सरकून बसावं. मोठे असतील त्यांनी थोडी मनाला लावून घ्यावी, कारण गोष्टीतली चूक मोठ्यांचीच आहे.

एका खाडीच्या मुखाशी एक गाव होतं. पुरुष होड्या घेऊन समुद्रावर जात आणि बायका ओहोटीला कालवं काढत. कालव म्हणजे शिंपल्यातला जीव. तो एकदा कशाला चिकटला की जन्मभर तिथून हलत नाही. त्या बाबतीत तो आपल्या काही पाहुण्यांसारखाच. त्या खाडीच्या तोंडावर कालवांवर कालवं चढून पिढ्यान्‌पिढ्यांत एक लांबरुंद उंचवटा झाला होता. गाव त्याला रास म्हणे. भरतीला रास बुडे, ओहोटीला उघडी पडे. बायका कोयत्याने कालवं ठोकून काढत, आतलं मांस बाजारात नेत आणि रिकाम्या शिंपा घरामागे टाकत.

या बायकांची एक रीत होती. पावसाळा सरला की पहिल्या मोठ्या ओहोटीला वर्षभराच्या सगळ्या शिंपा पाट्यांतून नेऊन त्या राशीवर ओतत. याला खाडीची ओटी भरणं म्हणत. दुसरीकडे ओटीला खण-नारळ चालतो, इथे पाट्यांवर पाट्या लागत. मान मोडून जाई, डोक्यावरून घाण पाणी गळे, पण ओटी भरल्याशिवाय राशीला कोयता लावायचा नाही, हे ठरलेलं. का, ते कुणी विचारत नसे.

म्हाळसा त्या बायकांची म्होरकी होती. हा मान तिला सासूकडून मिळाला होता. म्हाळसा तोंडाने फटकळ, कामाला खमकी आणि मनाने हळवी. पण हे शेवटचं ती कुणाला कळू देत नसे. तिला एकच मुलगी, सुंद्री. गावातच दिली होती, खालच्या आळीत. म्हाळसाने स्वयंपाक करता करता हाक मारली तरी सुंद्रीला ऐकू जाई, एवढ्या जवळ.

खालच्या आळीचं एक दुखणं होतं. दर आषाढात उधाणाचं पाणी भातखाचरांतून चढत आळीपर्यंत येई, आणि सुंद्रीच्या उंबऱ्याला लागून माघारी जाई. नुकसान थोडंच होई. पण दर वर्षी जावई ओला उंबरा पुसता पुसता म्हणे, "माझा भाऊ घाटावर हाय. तिथं पानी नाय न् काय नाय. एक दिवस गाडी जोडून जातो बघा."

तो हे हसत म्हणे. म्हाळसाला मात्र ते हसण्यावारी नेता येत नसे. घाट म्हणजे चार मुलूख पलीकडे. एकुलती एक लेक तिकडे गेली, तर हाक मारायची कुणाला?

अशात एका साली पावसाळा सरता सरता, ओटीच्या आधी, राजाचा बांधकामाचा कारभारी गावात आला. माणूस सज्जन होता. वाईट माणूस आला असता तर गाव सावध तरी झालं असतं. त्याने खालची आळी पाहिली, खाचरं पाहिली आणि देवळाच्या ओट्यावर बसून सांगितलं, "राजाच्या मनात तुमच्या गावाला दगडी बांध घालून द्यायचा आहे. पाणी खाचरांत यायचं नाही, भात दुप्पट पिकेल. दगड आमचा, गवंडी आमचे. फक्त चुना हवा, आणि चुना तर तुमच्या परसात पडला आहे."

त्याने घरांमागचे शिंपांचे ढीग दाखवले. शिंपा भट्टीत भाजल्या की उत्तम चुना होतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

शिंपा बायकांच्या, म्हणून निर्णयही बायकांचा. सगळ्यांनी म्हाळसाकडे पाहिलं. म्हाळसाने खालच्या आळीकडे पाहिलं. तिथे सुंद्री दारात उभी राहून केस विंचरत होती.

"शिंपा देऊ नको, म्हाळसे," म्हातारी सासू म्हणाली.

"का, आत्याबाई?"

"त्या खाडीच्या हायत."

"खाडीनं त्या टाकलेल्या हायत. आपुन कचरा उचलून तिला परत देतो. एक वर्स नाय दिला तर काय होईल?"

म्हातारीने खूप आठवून पाहिलं. "मला ठाव नाय," ती शेवटी म्हणाली. "माझ्या सासूनं सांगितलं नाय आनि मी इचारलं नाय. पन इतकं जड ओझं बायका उगाच वाहत नसतील गो."

बायका हसल्या. माना तर त्यांच्याही दुखत होत्या. म्हाळसा हसली नाही. तिने मधला मार्ग काढला, आणि आपणही असे मधले मार्ग काढतो म्हणून हे नीट ऐका. ती म्हणाली, "रीत मोडायची नाय. ओटी भरायचीच. पाच शिंपा घेऊ, हळद-कुंकू लावू, वाहू. देवाला भाव लागतो, ढीग लागत नाय." साऱ्याजणींना ते पटलं.

त्या वर्षी पाच शिंपांनी खाडीची ओटी भरली. बाकीचे ढीग भट्टीत गेले. बैलांनी घाणी फिरवली, चुना मळला गेला, आणि पावसाआधी गाव आणि समुद्र यांच्यामध्ये पांढरा शुभ्र बांध उभा राहिला.

आषाढाचं उधाण आलं. पाणी बांधाला लागलं आणि गुमान परत फिरलं. सुंद्रीचा उंबरा कोरडा राहिला. जावयाने त्या वर्षी घाटाचं नावही काढलं नाही. खाचरांत भात असा आला की कणग्या पुरेनात. राजाने म्हाळसाला जरीकाठी लुगडं पाठवलं. ते नेसून ती देवळात गेली तेव्हा बायकांनी तिला पुढे घातलं. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही?

दुसऱ्या वर्षी ती राशीवर उतरली, तेव्हा कोवळी कालवं कमी दिसली. मोठी होती, जुनी होती, पण नखाएवढी, रुपयाएवढी जी दर साली शिंपांना चिकटलेली दिसत, ती कुठे कुठेच होती. "कमी-जास्त व्हायचंच," ती म्हणाली. तिसऱ्या वर्षी तीच म्हणाली, "पाऊस जास्त झाला ना, म्हणून." त्यानंतर तिने कारणं देणं सोडलं. बायका कंबरभर पाण्यात उतरून पूर्वी न काढलेली कालवं काढू लागल्या. रास बसत चालली होती. लाटा तिच्यावरून सरळ पलीकडे येऊ लागल्या होत्या, पण लाटा मोजायला वेळ कुणाला होता?

मग एका पावसाळ्यानंतर बांधाला तडा दिसला. सुंद्रीच्या घरासमोरच.

कारभारी आला. त्याने तड्यात बोटं घालून पाहिली. "समुद्राचा जोर वाढला आहे," तो म्हणाला. "पाया रुंद करू, वरून जाड गिलावा देऊ. पण पूर्वीपेक्षा तिप्पट चुना लागेल."

परसातल्या शिंपा तर बांधाच्या डागडुजीसाठी दर साली भट्टीत जातच होत्या. कालवं कमी, म्हणून शिंपाही कमी. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "राशीच्या पोटात जुन्या शिंपांचे थर हायत. कुदळी लावल्या तर हवा तेवढा चुना."

काहीतरी चुकतं आहे हे म्हाळसाला कळलं. काय ते कळलं नाही. ती नको म्हणणार होती. तेवढ्यात जावई तडा बघत म्हणाला, "हा बांध पडला तर मी इथं राहत नाय, मामी. आता हसत सांगत नाय मी." आणि सुंद्रीला तर दिवस गेले होते.

म्हाळसा म्हणाली, "खणा."

कुदळी घेऊन बायका-पुरुष राशीवर गेले तर तिथे म्हातारी सासू बसलेली. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, तरी चाचपडत ओहोटीत उतरली होती आणि राशीच्या मधोमध मांडी घालून बसली होती.

"उठा, आत्याबाई."

"नाय उठत."

"भरती लागंल आता."

"लागू दे."

सगळे उभे राहिले. ओहोटी संपली, पाणी वळलं. आधी म्हातारीच्या पावलांना लागलं, मग गुडघ्यांना. ती थंडीने कापत होती, पण हलेना. कुणी हात लावायला धजेना. पाणी छातीशी आलं तेव्हा म्हाळसा पुढे झाली, तिने सासूला लेकरासारखं उचललं आणि काठावर आणलं. म्हातारीचं वजन काहीच नव्हतं.

"मला उचललंस, बरं केलंस," म्हातारी दात वाजवत म्हणाली. "समुद्राला कोन उचलनार?"

दुसऱ्या दिवशी रास खणली गेली. चुना भरपूर निघाला. बांध जाड झाला, उंच झाला, पुन्हा पांढरा दिसू लागला. म्हातारी मात्र ओसरीवर समुद्राकडे कान लावून बसे आणि कुणाशी बोलत नसे. म्हाळसाच्या हातचं जेवे, पण मुकाट्याने.

आषाढ आला. अवसेच्या आधी सुंद्री बाळंत झाली, मुलगा झाला. बाळंतीण फार अशक्त होती. अंगात ताप, उठून बसायचं त्राण नाही. पावसाची झड लागली होती, वारा समुद्रावरून थेट गावावर येत होता. अवसेला भर दुपारी उधाण चढलं.

म्हाळसा बांधावर धावली. गावातले धडधाकट सगळे तिथेच होते, दगड-माती आणून टाकत होते. बांध थरथरत होता. हे तिला पायाच्या तळव्यांना कळत होतं. जिथे जुना तडा होता, तिथून पाणी पिचकाऱ्या मारत होतं, आणि त्याच्या बरोबर मागे सुंद्रीचं घर.

तिने समुद्राकडे पाहिलं आणि तिथेच थिजली.

लहानपणापासून ती उधाण बघत आली होती. लाट येई, खाडीच्या तोंडाशी अडखळे, तिथे एक लांब पांढरी रेघ उमटे, आणि मग थकलेलं पाणी हळूहळू गावाकडे येई. ती पांढरी रेघ आज नव्हती. लाटा न मोडता, उभ्याच्या उभ्या, थेट बांधावर येत होत्या. ती रेघ जिथे उमटायची, तिथे रास होती.

उधाणाचं पाणी उंबऱ्याला लागून माघारी का जाई, ते तिला आत्ता समजलं. गावाचा बांध आधीपासूनच होता. तो जिवंत होता, दर साली बायकांनी ओतलेल्या हजारो शिंपांना कोवळी कालवं चिकटून तो आपणहून चढत होता, आणि तिनेच त्याला भाजून त्याचा चुना केला होता.

रडायला वेळ नव्हता. भरतीला अजून चढायचं होतं. बांध इथे फुटला तर सगळा समुद्र एकदम खालच्या आळीवर कोसळणार. बाळंतिणीला खाटेसकट उचलावं, तर वाऱ्यात दोन पावलं सरळ पडत नव्हती. पाण्याला दुसरीकडून वाट दिली, तर इथला जोर उतरला असता. दुसरीकडे म्हणजे खाचरांकडे.

म्हाळसाने पहार उचलली आणि बांधाच्या पार टोकाला, खाचरांच्या बाजूला गेली. लोक मागोमाग आले. त्यांना कळलं ती काय करणार, आणि त्यांनी तिला घेरलं.

"येडी झालीस? लावणी झालीय. आधीचं उधाण शिवून माघारी जायचं, एवढं खारं पानी साचलं तर जमीन मरंल. नातवंडांच्या काळापर्यंत पिकायची नाय."

सगळ्यांच्या पुढे जावई होता. "मामी," तो म्हणाला, "पयलं शेत माझं हाय."

"हाय," म्हाळसा म्हणाली. "आनि त्या तिकडं तुझी बायको हाय, तुझं पोर हाय. दोन्ही वाचनार नाय. तू बोल. मी तू म्हनशील ते करते."

जावयाने शेताकडे पाहिलं. हिरवी रोपं वाऱ्याने जमिनीवर लोळत होती. मागे बांध कडाडला. त्याने सासूच्या हातातली पहार घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला.

मग सगळ्यांनी घाव घातले. बांधाचं टोक फुटलं. खारं पाणी खाचरांत घुसलं, पसरलं, मागून हळूहळू आळीत आलं. सुंद्रीच्या घरात ते कमरेपर्यंत चढलं. माणसांनी खाट खांद्यांवर धरून ठेवली, आणि ओहोटी लागेपर्यंत ती खाली टेकवली नाही. बाळ सारा वेळ झोपून होतं.

एकही माणूस गेलं नाही. पण सकाळी पाहिलं तर खाचरांत एक हिरवं पान नव्हतं.

सुंद्रीचा ताप उतरून ती हिंडू-फिरू लागली, तसं जावयाने पाण्यातून वाचलेलं सामान गाडीत भरलं. तो रागावला नव्हता, त्यामुळे म्हाळसाला भांडताही येईना. "इथं खाऊ काय, मामी?" एवढंच तो म्हणाला. सुंद्री आईच्या गळ्यात पडून रडली. गाडी घाटाच्या वाटेने वळणाआड गेली. म्हाळसा घरी आली आणि सासूसमोर बसली.

"माझं चुकलं, आत्याबाई."

म्हातारीने तिचा हात धरला. "तुझं एकटीचं नाय. तू का म्हनून इचारलंस, तवा सांगता यायला पायजे होतं मला. आमी रीत दिली, कारन हरवलं."

महिन्याभराने कारभारी आला. पडका बांध पाहून हळहळला. "राजा पुन्हा बांधून द्यायला तयार आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे शिंपा उरल्या नाहीत, मी जाणतो. उत्तरेकडे एका खाडीवर अशीच रास आहे. चुना तिथून आणू."

"त्या खाडीच्या मागं गाव हाय का?" म्हाळसाने विचारलं.

"आहे."

"मग तिथल्या बायकांना आधी हितं आनून हे दाखवा. आनि मग मागा त्यांच्या शिंपा."

कारभारी सज्जन होता असं मी म्हटलंच आहे. त्याने तिचं बोलणं जसंच्या तसं राजाच्या कानावर घातलं. नंतर त्या राज्यात चुना डोंगरातल्या खडकाचा होऊ लागला, आणि शिंपांच्या भट्ट्या विझवाव्यात असा हुकूम सुटला.

म्हाळसाने बांध मागितला नाही. तिने पडलेल्या बांधाचे दगड मागितले. ओटी भरायला शिंप उरली नव्हती. त्यांच्याच शिंपांच्या चुन्याने माखलेले दगडच काय ते होते. बायकांनी ते ओहोटीत वाहून नेले आणि जिथे रास होती तिथे टाकले. पाठी सोलल्या, तरी यंदा कुणी हसलं नाही. गावाने शपथ घेतली की रास उभी राहीपर्यंत तिला कोयता लावायचा नाही. ती वर्षं फार वाईट गेली. बायका परगावी मोलमजुरीला गेल्या. घरोघरी पेज शिजली, तीही पातळ. त्यातच म्हातारी गेली. कुणाकुणाचा धीर सुटला, रात्री-अपरात्री कोयता घेऊन निघालेल्यांना म्हाळसाने काठावर उभं राहून परत पाठवलं, शिव्या खाल्ल्या, पण जागची हलली नाही.

चुन्याच्या दगडांना कोवळी कालवं चिकटली. त्यांच्यावर पुढच्या सालची चिकटली. रास पाण्याबाहेर डोकं काढू लागली, आणि एका आषाढात खाडीच्या तोंडाशी पुन्हा पांढरी रेघ उमटली. त्यानंतर कालवं काढायला सुरुवात झाली, पण जेवढ्या शिंपा निघतील तेवढ्या परत जात. आणि ओटी भरायच्या दिवशी म्हाळसा आधी साऱ्या पोरीसुनांना काठावर बसवून, ओटी का भरायची ते सगळं सांगे, स्वतःचं काही न लपवता. गावाला पुन्हा बरे दिवस आले.

तेव्हा म्हाळसाने सुंद्रीला निरोप धाडला. सुंद्री आली. बरोबर तिचा मुलगा होता. त्याला आता मिसरूड फुटलं होतं. म्हाळसाने त्याला कालवांचं कालवण करून वाढलं. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट हळूच बाजूला सारलं. मग ती दोघांना खालच्या आळीत घेऊन गेली. सुंद्रीच्या घराच्या भिंती पडल्या होत्या, जोतं तेवढं तसंच होतं.

"आता उंबऱ्याच्या आत पानी येत नाय," म्हाळसा लेकीला म्हणाली. "जमीनही गोडी धरू लागलीय. भिंती मी उभ्या करून देते. या परत घरी."

सुंद्रीचे डोळे भरून आले. ती काही बोलणार, तेवढ्यात समुद्राकडे पाठ करून उभा असलेला तिचा मुलगा तिच्याजवळ आला. लाटांच्या आवाजाने त्याला रात्रभर झोप लागली नव्हती.

"आई," तो म्हणाला, "आपण घरी कधी जायचं?"

म्हाळसाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाकरी बांधून द्यायला ती आपल्या घराकडे वळली.

समुद्राचं देणं ज्याने त्याने पोटभर खावं, पण त्याचं बियाणं कचरा समजून भट्टीत घालू नये. समुद्र ते कधीतरी परत भरून देतो, गेलेली वर्षं मात्र देत नाही.